हौद

नळ दहाव्या दिवशी येतो आमच्या गल्लीत.
घरातले सगळे, किती दिवस राहिले, ते मोजतात.
मी काठी बुडवून बघते :
कंबर, गुडघा, घोटा,
मग नुसती ओल.

पहिल्यांदा उतरले ती धुवायला.
नारळाची शेंडी, ब्लिचिंगची पुडी, खोचलेला पदर.
खालून ओरडले, "बादली सोडा",
तर ते 'सोडा' वर गेलंच नाही.
चारी भिंतींना लागून लागून
माझ्याचपाशी परत आलं,
गोल होऊन, जरा मोठं होऊन.
मी घासायची थांबले.
इतक्या आदरानं माझं बोलणं
या घरात कुणी परत दिलं नव्हतं.

दादा बँडमध्ये होते. लाल कोट, पितळी बटणं,
वरातीच्या पुढं चालत क्लारनेट.
मला शिकवलं दुपारी, बाभळीखाली.
आई म्हणाली, पोरीच्या जातीनं वाजवावं का?
दादा म्हणाले, बोटं हायेत की तिला.
माझ्या लग्नात रुखवतात नव्हतं ते,
ट्रंकेच्या तळाशी होतं,
त्याच कोटाच्या बाहीत गुंडाळून.
एकोणीस वर्षं.

दोन खोल्या आमच्या.
एकीत रात्रपाळी करून आलेले संदिपान झोपलेले,
दुसरीत प्रज्योतचा नीटचा अभ्यास.
आणि लातुरात लेकराच्या अभ्यासापुढं
देवळातली घंटासुद्धा दबकत वाजते.
मी डाळमिलवरून सहाला येते,
केसांत तुरीची भुकटी,
पोळ्या, भांडी, उद्याचा डबा.
एवढ्यात सूर कुठं ठेवायचा?
मांडणीवर जागा नाही.

म्हणून नवव्या दिवशी रात्री
"हौद धुऊन घेते" म्हणायचं
आणि लोखंडी शिडीनं खाली.
पत्ती जिभेवर भिजवायची,
डोक्यावर चौकोनी आभाळ, त्यात एक-दीड चांदणी,
आणि फुंकायचं, हळू,
भिंती बाकीचं बघून घेतात.
गल्लीत एवढा स्वच्छ हौद कुणाचा नाही.

मे महिन्यात नळ अठरा दिवसांवर गेला.
नजमाभाभी घागर घेऊन टँकरमागं पळाली, पडली,
कोपर फुटलं तिचं.
मी हळद लावून आले.
त्या खेपेला सलग सहा रात्री हौद कोरडा होता
आणि मी सहाही रात्री वाजवलं.
लाज वाटत होती.
वाजवत होते.

यंदा मांजरा भरली.
नळ चौथ्या दिवशी यायला लागला.
गल्लीनं पेढे वाटले, मीही खाल्ला, गोडच लागला.
काठी मात्र गुडघ्याच्या खाली उतरेना.
श्रावण गेला, पोळा गेला,
पत्ती डबीत वाळून तिच्या कडेला तडा गेला.
मी कुणाला काय सांगणार,
पाणी फार झालं म्हणून?

परवा सासूबाईंनी स्वतः काठी बुडवली.
"शेवाळ आलंय," म्हणाल्या.
शेवाळ नव्हतं.
पण त्या उपसायलाच बसल्या.
लिंबाला बादल्या, नजमाभाभीच्या ड्रमात बादल्या,
चार संदिपानच्या मोटारसायकलवर,
दुखरा गुडघा धरून,
मधूनमधून मला शिव्या घालत, की
उभी काय ऱ्हातीस, दोर धर.

तळाशी चार बोटं पाणी उरलं.
"आता तू उतर. तेवढं मला निघत न्हाई."

उतरले. गार पाणी घोट्याशी.
बाही सोडली, सांधे जोडले, जुनीच पत्ती लावली.
वरचं झाकण खर्र करत अर्ध्यावर सरकलं,
चांदणी गेली.

"पोराचा अभ्यास चाललाय," वरून आवाज आला,
"आन् ते वर चढताना अडकतंय बघ तुझं दर बारीला,
ते आधी घे."