शेऱ्याचा रकाना

गज्जमसाहेबांच्या पाचाची शेपटी
खालच्या ओळीत उतरलेली असते.
ऑगस्टात शाई फुटलेली,
मार्चनंतर सुईनं टोचल्यासारखी बारीक.
एकतीस वर्षांच्या वह्या,
मी त्या संगणकात भरते आहे,
दिवसाला चाळीस पानं.

सकाळी साडेआठ. पात्रातलं पाणी किती उतरलं.
कोरडा पारा, ओल्या फडक्याचा पारा.
वारा.
शेरा.

शेऱ्यात बहुतेक काही नसतं.
कधीतरी : "जाळी सरकलेली. कावळा प्याला असावा."
आणि त्या दिवशीच्या आकड्याभोवती गोल.
उन्हानं किती नेलं, कावळ्यानं किती,
वेगळं काढता येत नाही, म्हणून.

मला वाटलं होतं, आकडे चढत जातील.
ऊन वाढलंय हे अशोक चौकातलं शेंबडं पोरही सांगेल.
पण पात्रातलं उतरणं वर्षागणिक कमीच होत गेलंय.
पारा वर, तहान खाली.
दोनदा तपासलं. मग वाऱ्याचा रकाना पाहिला :
वारा थकलाय.
वेधशाळेला घरांनी वेढलंय,
पलीकडे कालवा आला, ऊस आला,
हवेत ओल राहते. कुठून उचललेली, कुणाच्या वाटची,
ते वहीत नाही.

आईला विचारलं.
टॉवेलच्या कारखान्यात तेवीस वर्षं
तुटलेली सुतं सांधत आली ती.
म्हणाली, पूर्वी एप्रिलात फरशीवर बादल्या ओतायचो
तरी सूत काडकाड तुटायचं.
आता कमी तुटतं.
"पण अंगावरचा घाम वाळत नाही गं."
हे कुठल्या रकान्यात भरू?

वडकबाळच्या पुलाच्या वह्या वेगळ्या गठ्ठ्यात.
सीनेची पातळी. तिथं बोटांना काम नाही :
शून्य, शून्य, वरीलप्रमाणे,
वरीलप्रमाणे,
आणि मग एका सप्टेंबरात, एका रात्रीत—
आकडाच नाही.
फक्त शेरा, कुणा दुसऱ्याच्या हातचा, ओळ सोडून गेलेला :
"पट्टी दिसत नाही. मी पुलावर आहे."

संगणक विचारतो, मोकळं सोडू की शून्य धरू?
शेऱ्याला त्यात जागा नाही.
उद्यावर टाकलं.

निघताना आठवलं, ओल्या पाऱ्याचं फडकं बदलायचंय.
आईनं दिलेल्या चिंधीतून एक पट्टी कापली,
एक टोक पाऱ्याला गुंडाळलं,
दुसरं वाटीत सोडलं.
पाणी चढायला लागलं सुतातून,
हळूहळू,
मी बघत उभी राहिले.