कोरडं वजन

बुदायच्या दवाखान्यात माझं कोरडं वजन ठरलेलं आहे:
सत्तेचाळीस किलो सहाशे ग्रॅम.
त्याच्यावर भरेल ते सगळं पाणी समजायचं
आणि चार तासांत काढून टाकायचं.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.

मीही चाळीस वर्षं हेच केलं,
समुद्रातून पाणी काढून टाकलं.
वाफ्यात भरायचं, उन्हावर सोडायचं,
उरेल ते दाताळ्यानं ओढायचं,
कावडीनं ढिगावर.
नवरा म्हणायचा, मान-ची, तुझ्या पाठीवरही पीक येतं.

आता मीठ दिवसाला चिमूटभर.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
जागते की.
रात्ररात्र जागते.

पेइ-च्युन नर्स दर तीन महिन्यांनी कागद आणते.
गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं?
दमल्यासारखं? झोप? भूक?
मी विचारते, हे मूत्रपिंडाचं लिहू की मनाचं?
ती पेनाचं टोपण चावते.
तिला पुढच्या खुर्चीकडे जायचं असतं,
मी 'कधीच नाही'वर खुणा करत सुटते.

शेजारच्या खुर्चीत को असायचा, कालवं विकणारा.
यंत्राला शिव्या घालायचा,
पेल्यातला बर्फ मोजून घ्यायचा आणि एक खडा चोरायचा.
एका बुधवारी आला नाही.
शुक्रवारीही.
कुणी म्हणालं, हृदय. बाकीचे छताकडे बघत राहिले.
मग त्याची मुलगी चादर न्यायला आली, तिनं सांगितलं:
बूट घालून दारात बसले होते.
गाडी आली, हॉर्न वाजला.
म्हणाले, आज नको.

परवा पुन्हा कागद.
तिनं पहिला प्रश्न वाचायच्या आत
माझ्या तोंडून निघालं, बूट.
काय?
मी पण बूट घालून बसते. पहाटे पाचपासून.
हॉर्न वाजला की दहापर्यंत मोजते.
हल्ली वीसपर्यंत.

तिनं कागद उलटा ठेवला
आणि कोच्या खुर्चीत बसली. रिकामीच होती.
माझं यंत्र ओरडायला लागलं,
न बघता हात लांब करून तिनं ते गप्प केलं.
खूप वेळ काही बोलली नाही.
मग विचारलं, मीठ ओढायला उन्हात जायचीस
तेव्हा पायात काय असायचं?
काही नाही, म्हटलं. अनवाणी.
तळव्याला कळायचं, पिकलंय की नाही.

निघताना काट्यावर उभी राहिले.
सत्तेचाळीस सातशे.
शंभर ग्रॅम जास्त.
वहीत लिहिलं तिनं,
म्हणाली, राहू दे.