फोन बाहेर धर की

दर रविवारी रात्री साडेनऊला मल्लेशमचा फोन येतो.
वाकडच्या चौदाव्या मजल्यावरून
तो आधी आमचं पाणी विचारतो.
"आलं का बे?"
आलं की, मी म्हणतो.
पाचव्या दिवशी आलं, रात्री अडीचला आलं,
पिंप, हंडे, कुकर, नातवाची शाळेची बाटलीसुद्धा भरून घेतली,
हे त्याला कशाला सांगा.

मग तो सुरू होतो.
धूळ. रस्ते. चव्वेचाळीस अंश.
दुपारी शटर ओढून झोपणारं गाव.
पोरगं शिकलं की पहिलं काम, पुण्याचं तिकीट.
"ते शहर नाही बे, वेटिंग रूम आहे."

मी वकील नाही. मागाचे सुटे भाग विकतो,
धोटे, पिकर, चामड्याचे पट्टे.
गिऱ्हाईक कमी झालंय,
त्यामुळे वाद घालायला वेळ असतो.

मी म्हणतो, उन्हाचं म्हणशील तर
आमच्या पापड्या एका दिवसात वाळतात.
तो हसतो.
मी म्हणतो, इथं पत्ता विचार कुणालाही,
माणूस तेलुगूत सुरू होतो, कानडीत वळतो,
हिंदीत डावीकडं हात करतो
आणि मराठीत म्हणतो, बसा मागं, सोडतो.
"आणि खड्ड्यात पाडतो."
पाडतो. उचलतो पण.

कच्चं आहे हे, मला कळतं.
गावाची बाजू मांडायला बसलो
की मला मुद्दे आठवत नाहीत, सुगलाबाई आठवते,
पाणी सुटलं की शेजारच्या म्हातारीचे हंडे आधी भरणारी
आणि भरून झाल्यावर तिच्याशीच तासभर भांडणारी.
हिला कुठल्या पुराव्यात लावू?

दहाच्या सुमाराला त्याचा आवाज खाली येतो.
"ए, जरा फोन बाहेर धर की."

मल्लेशम मागांच्या डोक्यावर जन्मला.
खाली सहा माग, वर माळ्यावर पाळणा.
सणाला माग थांबले की पोर दचकून उठायचं,
अम्मा म्हणायची, याला शांतता चावते.
चौदाव्या मजल्यावर तीच चावते म्हणे. गोळ्या घेतो.
म्हणून मी खिडकीतून हात बाहेर काढतो.
खटॅक-खट. खटॅक-खट.
पाच मिनिटांनी तिकडून घोरणं.

गेल्या रविवारी खिडकीबाहेर काहीच नव्हतं.
समोरचा कारखाना मंगळवारी भंगारात निघाला,
माग टेम्पोतून गेले, पाय वर केलेल्या म्हशींसारखे.
"धर की बे."
थांब, चप्पल घालतो, म्हणालो,
खिडकीशी जायला चप्पल कशाला, हे त्यानं विचारलं नाही.

फोन शर्टाच्या खिशात,
मल्लेशम माझ्या छातीशी कचऱ्यावर बोलतोय.
पहिली गल्ली, कुलूप.
दुसऱ्या गल्लीत मंगल कार्यालयाच्या खुर्च्यांचं गोदाम.
तिसरीत, पार टोकाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये ट्यूबलाइट.
बिरप्पा एकटाच, टॉवेलवर.
मी फोन पत्र्याला लावला.

"आज जवळून येतंय का रे?"
वारं तिकडचं आहे, मी म्हणालो.

बिरप्पा दारात आला.
साठीचा माणूस रात्री त्याच्या पत्र्याला फोन लावून उभा.
त्यानं मला पाहिलं, फोन पाहिला.
काही न विचारता आत गेला
आणि सूत नसलेला शेजारचा मागही चालू केला.

परत येताना उघड्या गटारीत पाय गेला.
चप्पल तिथंच राहिली.
मी फोन बंद झालाय याची आधी खात्री केली
आणि मग या गावाला, त्याच्या महापालिकेला,
त्याच्या सात पिढ्यांना
येतील तेवढ्या भाषांत शिव्या घातल्या.