एकच पाणी

डुलुथमधलं हे घर बांधलं तेव्हा
वीज म्हणे पाण्याच्या भावात मिळायची.
म्हणून प्रत्येक भिंतीच्या पायाशी पत्र्याची लांब पेटी
आणि प्रत्येक खोलीला आपापलं बटण.
तळघरातल्या फ्यूजबोर्डावर आधीच्या मालकाचं अक्षर:
गॅरी. लुअ‍ॅन. शिवणाची खोली.
आम्ही ती नावं पुसली नाहीत.
गॅरीच्या खोलीत मी झोपायला लागलो
त्याला सात हिवाळे झाले.

भांडण असं काही नव्हतं.
हेमांगीची हॉस्पिटलातली रात्रपाळी, माझं घोरणं,
आणि जानेवारीचं साडेसहाशे डॉलरचं बिल.
आपापलं दार लावून घ्यायचं,
आपल्यापुरतं तापवायचं,
मधला बोळ गारठू द्यायचा.
हिशेब चोख होता.

ऑक्टोबरात पहिल्यांदा बटण फिरवलं
की उन्हाळाभरची धूळ जळायची.
त्या वासालाच आम्ही हिवाळा म्हणायचो.
धग यायची, लगेच यायची,
पत्रा टिक् टिक् करायचा,
आणि बंद केलं की
जणू ती आलीच नव्हती.

मग वेन कांगास आला,
सत्तरीचा, गुडघ्यांना गाद्या बांधलेला,
भाच्यावर खेकसत.
पाडलेल्या शाळेतून आणलेले
बिडाचे पाच रेडिएटर, तिघांनाही न हलणारे.
पांढऱ्या रंगाखाली शेवाळी, शेवाळीखाली
कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं आर. के.
'मी नाही तो,' वेन म्हणाला, कुणी विचारलं नसताना.
'मी फक्त हातमोजे वाळवायचो यांच्यावर.
ओल्या लोकरीचा वास
पार भूगोलाच्या तासापर्यंत.'

पेट्या उचकटल्या तेव्हा
भिंतीवर उरली मूळ रंगाची पट्टी,
आम्ही घर बघायला आलो त्या दिवसाइतकी पिवळी,
आणि सौमित्रचा जांभळा खडू, अर्धा वितळलेला.
तो आता सिअ‍ॅटलला असतो.
खडू मी खिशात टाकला. अजून तिथंच आहे बहुतेक.

हेमांगीनं एवढंच विचारलं,
'म्हणजे आता सगळ्यांना मिळून एकच बटण?'
वेननं पिझ्झाच्या खोक्यावर रेघ ओढून दाखवली:
तळघरातून वर, स्वयंपाकघर, बैठक,
मग तिची खोली, मग सौमित्रची,
मग माझी, आणि परत खाली.
एकच पाणी.
'शेवटच्या खोलीला जरा कोमट पोचतं,' तो म्हणाला.
'काय करणार, कुठलीतरी खोली शेवटची असतेच.'

बंब पेटला.
मी बॉयलरला बंबच म्हणतो,
वेनही म्हणायला लागलाय, त्याचा 'बाम' होतो.
पहिल्या रात्री घराच्या पोटात गुडगुडलं,
नळ्यांनी उचक्या दिल्या,
कुठंतरी खोल कुणी गुळणी भरून थांबल्यासारखं.
पहाटे हेमांगी कामावरून आली,
तिनं कोटासकट पाठ टेकली बैठकीतल्या रेडिएटरला
आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.
मी बोळातून पाहिलं. दार उघडं होतं.

तिसऱ्या दिवशी माझी खोली गारच.
'हवा अडकलीय,' फोनवर वेन.
'किल्ली फिरव. घाई करू नकोस.'
छोटी पितळी किल्ली, चौकोनी तोंडाची.
फुस्स करून हवा निघाली,
जुन्या शाळेतली असावी,
लोखंडाचा वास असलेली, न संपणारी.
पाणी येईल हे ठाऊक होतं,
फडकं आणायचं राहिलं होतं.
तेवढ्यात बाजूनं एक हात आला, स्टीलची वाटी धरलेला.
थेंब. मग काळं पाणी. मग जरा कमी काळं.

'तुझ्या खोलीतून आलंय हे,' मी म्हणालो.
'हं,' ती म्हणाली. 'बंद कर आता, वाटी भरली.'

मी किल्ली फिरवली.
बीड लगेच तापत नाही.
आम्ही दोघं जमिनीवर बसून राहिलो,
मधेमधे हात लावून बघत.