छोटं छप्पर

आमच्या डोंगरातून एकेकाळी पाट्या निघायच्या.
अर्ध्या जगाच्या डोक्यावर आमचाच दगड, असं आजोबा सांगत.
आता खाणी बंद. काळ्या कपच्यांचे ढीग उरलेत,
कुलूप घातलेली दोन चॅपल्स
आणि माझं हे तळलेल्या माशांचं दुकान.

भिंतीवर आजोबांनी तासलेली पाटी.
कॉड, हॅडक, बटाटे, मटार, त्यांचे दर,
आणि त्याखाली तीन आठवडे खडूची पाच नावं:
यंदाच्या उत्तम वेल्श अल्बमची यादी.
टुडुरने लिहिली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

भाषा बोलणारे आम्ही एवढेसे,
त्यात अल्बम पाच, आणि त्या पाचांवर
माझ्या काउंटरपुढे सात तट.

"'दुरुस्तीसाठी बंद'ला नाही मिळालं ना,
तर परीक्षकांच्या कानात व्हिनेगर ओततो," टुडुर म्हणायचा.
"सात गाणी फक्त," एलेरी टपालाची पिशवी न उतरवताच,
"त्यातलं एक तर दार आपटल्याचं."
"ते दार नाही, तो ढोल आहे."
"दार आहे, टुडुर. आमच्याकडेही आहे तसलं."

इद्वलला पुरुषांच्या कोरसशिवाय काही पटत नाही.
ऐंशी वर्षांत पटलेलं नाही.
मेरेरिदच्या अल्बमवर तर त्याचा खास राग:
"चाळीस मिनिटं फ्रीजची घरघर!
मग मी पैसे कशाला मोजू?
माझा स्वयंपाकघरात फुकट गातो."
हे वाक्य त्याने एवढ्यांदा ऐकवलं
की बटाटे सोलणारी पोरंही त्याच्या आधी म्हणायची.

शनिवारी रात्री नऊ.
रेडिओ तेलाच्या वाफेने चिकट झालेला,
आवाज वाढवायला बोटाला फडकं गुंडाळावं लागतं.
निकाल आला:
'तीन मेंढ्या आणि एक उपग्रह'.

कुणीच बोललं नाही.
"ऐकलाय का कुणी?" मी विचारलं.
कुणीच ऐकला नव्हता.
तरी अर्ध्या मिनिटात टुडुरने तो पुरता सोलून काढला,
आणि एलेरीने, केवळ टुडुरने सोलला म्हणून,
त्याची बाजू घेतली.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मेरेरिद.
समारंभाला का गेली नाहीस, कुणी विचारलं नाही.
"एक हॅडक. बटाटे मोठे. व्हिनेगर सढळ हाताने."
इद्वल आपल्या बुटांच्या नाड्या तपासू लागला.

ती पाटी वाचत उभी राहिली.
"माझं नाव चुकलंय."
तिच्या अल्बमचं नाव 'घर'.
आमच्या भाषेत ते दोनच अक्षरांचं,
आणि दुसऱ्याच्या डोक्यावर एक खूण लागते,
तिला आम्ही छोटं छप्पर म्हणतो.
टुडुर ते विसरला होता. तीन आठवडे,
या छपरांच्या गावात, घर उघडं.

तिने खडू मागितला, टाचा उचलल्या,
छप्पर घातलं.

मग न वळता म्हणाली, "इद्वल, तो फ्रीजच आहे.
आईचा. घर विकायच्या आदल्या रात्री
प्लग काढण्याआधी रेकॉर्ड केला."

कढईत मासा तडतडत होता. त्याला कसलं भान.
इद्वलने घसा साफ केला, दोनदा.
"कुठल्या कंपनीचा?"
"आठवत नाही. दाराची बिजागरी सैल होती."
"मग रबर गेलं असणार," तो म्हणाला. "रबर गेलं की
तो रात्रीचा जास्त बोलतो."
"हो," ती म्हणाली, "रात्रीचाच."

पुडकं घेऊन जाताना दारात थांबली:
"मेंढ्या ऐका. खरंच चांगला आहे."

दहाला मी कढई बंद केली.
बाहेर फुटपाथवर टुडुर अजून एलेरीला पटवत होता
की तीन मेंढ्या जास्तच होतात, दोन पुरल्या असत्या.
इद्वल मात्र आतच, रिकाम्या कागदापुढे,
मान किंचित माझ्या फ्रीजरकडे कललेली.

मी ओलं फडकं घेतलं, चार नावं पुसली.
हॅडक वीस पेन्सनी महागला आहे,
तेही लिहायचं होतं.