खंडाचा दाखला

नोटरीच्या टेबलावर आमचे दोन कागद.
एक सगुणचा, दरवर्षीचा, हयातीचा:
की तो अजून आहे.
दुसरा माझा, कॉलेजने मागितलेला:
की मी अकरा वर्षं कुठेच नव्हते.

'सदर काळात अर्जदाराने कोठेही शिक्षण घेतले नाही,
नोकरी केली नाही.'
टाइप करता करता त्याने वर पाहिलं.
"मग केलंस काय गे बाय?"
लिहायचं नव्हतं ते. नुसतंच विचारलं.

कुशी बदलल्या. माझ्या नव्हेत.
बाराला डावी, दोनला उजवी, चारला डावी,
सहाला उताणा, मग चहा.
अकरा वर्षांत पाठीला एक जखम होऊ दिली नाही.
याला किती मार्क असतात,
कुणाला विचारावं?

टिप्पर खाणीच्या कडेवरून मागे घसरला
तेव्हा तो कंत्राटदाराचा होता.
सगुण मात्र आमचाच निघाला.
नंतर खाण बंद झाली, सुर्ल्याची धूळ बसली,
पत्र्यांवरची लाली आहे तशीच आहे.

पैसे येतात, पण येतात तेव्हा येतात.
चतुर्थीआधी येणार म्हणतात
आणि माटोळी उतरली तरी वाट बघायला लावतात.
तांदूळ त्यांवर, डायपर त्यांवर,
अन्विताचे बूट त्यांवर,
आणि आता, चोरून, माझी परीक्षेची फी.

चोरून अशासाठी, की शेजारची शकुंतला
नळावर सहज म्हणाली,
"शिकते म्हणजे भागतंय गो तुमचं."
सहजच.
पण पंचायतीतल्या माणसाची बायको
तिथेच कळशी भरत होती.
त्या रात्री मी पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली,
जणू पुस्तकं म्हणजे दागिने.

साखळीच्या कॉलेजात पहिल्या दिवशी
शिपायाने पालकसभेची खोली दाखवली.
वर्गात शिरले तर पोरं उभी राहिली,
मग एकमेकांकडे बघून बसली.
बाकावर माझ्याशेजारी रेहाना, वय एकोणीस.
पहिला आठवडा मला अहो म्हणाली,
दुसऱ्या आठवड्यात माझ्या वहीतून उतरवू लागली.

अर्थशास्त्राचा तास.
सर फळ्यावर लिहितात: हस्तांतरित देणी.
पेन्शन, भत्ते, अपंगांना मदत.
"यांच्या बदल्यात काहीच उत्पादन होत नाही.
म्हणून राष्ट्रीय उत्पन्नात ही धरायची नाहीत. कळलं?"
सगळ्यांना कळलं.
नेमका तेव्हाच पिशवीत फोन थरथरला.
बँकेचा मेसेज. तीन महिन्यांचे एकदम.
मी खाली मान घालून व्याख्या उतरवली,
अक्षर जरा वाकडं आलं,
आणि मनातल्या मनात तांदळाचं पोतं आणलं.

दुपारच्या दोनला घरी कुणी नसतं.
अन्विता शाळेत, मी बसमध्ये.
त्याने काही न सांगता
तुळईला दोर बांधून घेतला रमाकांतकडून.
मला कळलं ते चादरीवरच्या काथ्यावरून.
आले तेव्हा तो उजव्या कुशीवर होता,
मी ठेवलं होतं डाव्या.
जेवताना उजवी मूठ उघडेना.
पेज डाव्या हाताने प्यायला, थोडी सांडली.
मी म्हटलं, "मीठ लागलं?"
तो म्हणाला, "बरं लागलं."
दोराबद्दल आम्ही बोललो नाही.
दुसऱ्या दिवशी मी त्याला जुनं फडकं गुंडाळलं,
हात येतो तेवढ्या जागी.

परीक्षेत तो प्रश्न आला, दहा मार्कांचा:
हस्तांतरित देणी उत्पन्नात का धरत नाहीत?
पुस्तकात होतं तेवढं सगळं लिहिलं.
पास व्हायचं होतं मला.

घड्याळात दोन वाजत होते.

मी हात वर केला
आणि पुरवणी मागितली.