उतार

पहिल्या दिवशी चेंदवणकर चपला बाहेर काढून आत आला,
बाथरूमच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली,
कान लावला,
आणि डॉक्टरसारखा म्हणाला, "पोकळ आहे."
मला तो माणूस तिथेच आवडला.

एकवीस दिवस.
वहीच्या पानावर लिहूनही दिलं, खाली सही,
सहीखाली दोन रेघा.
साठ टक्के आगाऊ.
मी दोनदा मोजून दिले, त्याने न मोजता खिशात घातले.
विश्वास, मॅडम.

बाविसाव्या दिवशी
कमोड हॉलमध्ये होता, टीव्हीसमोर,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, लांबच्या पाहुण्यासारखा,
आणि मी खांद्यावर टॉवेल टाकून
छेडाबेनकडे अंघोळीला निघाले होते.
त्या कधी काही म्हणाल्या नाहीत.
फक्त पाचव्या आठवड्यापासून
गीझर आधीच लावलेला नसायचा.

सोसायटीचा नियम: ठोकाठोकी दहा ते एक, चार ते सहा.
लालाराम यायचा साडेबाराला.
एकपर्यंत छिन्नी शोधायचा,
चारपर्यंत डेब्रिजच्या गोण्यांना टेकून झोपायचा,
तोंडावर माझंच वर्तमानपत्र.
मग कळायचं, सिमेंट नाही.
सिमेंट आलं तर वाळू नाही.
वाळू आली त्या दिवशी
मेव्हण्याचं लग्न, भिलवाड्याला.

चेंदवणकर फोन मात्र उचलायचा. नेहमी. पहिल्या रिंगला.
"ऐरोलीच्या पुलावर आहे, मॅडम, पोचलोच."
मागे हळदीचा बेंजो वाजत असायचा,
कधी कुणीतरी पत्त्यांचे हात मोजत असायचं,
एकदा तर अगदी स्पष्ट, जवळून, कोंबडा आरवला.
मुलुंडहून दिसतो तो पूल मला गच्चीतून.
मी संध्याकाळी वर जाऊन बघायचे,
एवढ्याशा पुलावर
एक माणूस दोन महिने कुठे मावला असेल.

चौतीस वर्षं मी लॅबमध्ये काचपट्टीवर पेशी मोजल्या.
एका थेंबाचा हिशेब चुकला
तर पेशंट भलत्या वॉर्डात जायचा.
फरशी बसली तेव्हा मी बादलीभर पाणी ओतलं
आणि सवयीने घड्याळ बघितलं.
पाण्याने जाळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
सरळ दाराकडे आलं,
उंबऱ्याशी थांबलं,
माझ्या नखांना लागून.

फरशी हिरवट होती. मी राखाडी सांगितली होती.
ते आता कोण बोलणार.

मी भाच्याच्या जुन्या डब्यातून गोटी काढली.
जाळीवर ठेवली. ती दाराकडे आली.
पुन्हा ठेवली. पुन्हा आली.
चेंदवणकर उकिडवा बसून तिसरी फेरी बघत राहिला,
बराच वेळ,
मग म्हणाला, "गोटी गोल आहे ना, मॅडम."

रात्र रात्र जागून मी वाक्यं रचली होती.
ग्राहक न्यायालय होतं त्यात,
वकील होता, माझे उरलेले दिवस होते,
शेवटी एक शिवीसुद्धा, माझ्या आईला ठाऊक असलेली.
तोंड उघडलं आणि आलं,
"चहा घेणार?"
"साखर कमी," तो म्हणाला.

आता रोज सकाळी वायपर घेऊन
मी पाणी वळवते, गुरं वळवावीत तसं,
चार थेंब तरी परत फिरतात.
खालच्या निमकरांच्या छताला डाग आलाय.
त्यांना मी सांगितलंय, उद्या माणूस येतो.
सांगताना माझा आवाज मला ओळखीचा वाटला.

गेल्या मंगळवारी फोन आला.
कुणी शालिनी वर्टी, भांडुपच्या.
"चेंदवणकरांनी तुमचा नंबर दिला.
फोटोही दाखवला तुमच्या बाथरूमचा, फार छान आहे हो.
काम कसं आहे त्यांचं?"

"आगाऊ दिलेत?"

"आजच. साठ टक्के.
काय आहे, त्यांनी भिंत वाजवून बघितली हो.
अगदी कान लावून."

मी वायपर भिंतीला टेकवला.
पाणी सावकाश उंबऱ्याकडे निघालं होतं.
"तुमच्या घरात," मी विचारलं, "एखादी गोटी आहे का?
साधी. काचेची."